मिठाचा हात

त्या रविवारी गोपाळमामा निपाणीहून सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं आला आणि आक्कानं त्याला ओसरीवरच अडवलं.

“आधी तो कोट काढ. तू आलास की तुझी वखार आली, तेच कळत नाही.”

“तुला वास येतोय?” मामाचा चेहरा उजळला. तंबाखूच्या वखारीत जन्म गेलेला माणूस तो. स्वतःच्या कोटाचा वास त्याला कधीच कळला नव्हता.

“नाक शाबूत आहे रे माझं. जीभ गेली होती, तीही येतेय आता हळूहळू. विचार कल्याणीला.”

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पावटे सोलत बसलेल्या कल्याणीनं मान हलवली. “येतेय. परवा लिंबाचं सरबत कळलं तिला.”

“मग जिंकलं!” म्हणत मामानं कोट तुळशीमागच्या दोरीवर टाकला आणि सदऱ्याच्या बाह्या सारत आत आला. “आज तुझ्या हातची आमटी खाऊनच जाणार. दुपारची मोटार चुकली तर चुकली.”

“मोटार कशाला चुकवतोस? तुझं जेवण म्हणजे चार घास आणि चाळीस गप्पा. गप्पा कमी कर.”

आक्का म्हणजे कल्याणीची आई. निपाणीच्या माहेरी धाकटे भाऊ तिला आक्का म्हणायचे. ते नाव तिच्या मागोमाग बेळगावात, शहापुरातल्या या घरात आलं आणि पोटच्या मुलांच्या तोंडीही तेच बसलं. कोर्टातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आप्पा, पोस्टात नोकरीला असलेला केशव आणि मुलींच्या शाळेत शिकवणारी कल्याणी, एवढीच माणसं सध्या घरात होती. केशवची बायको बाळंतपणाला धारवाडला गेली होती. कल्याणी लग्नानंतर दोन वर्षांतच पांढऱ्या कपाळानं परत आली, तेव्हा आप्पांनी तिला शिकवलं. घरातली इंग्रजी पुस्तकं तीच वाचायची. म्हणूनच आक्काच्या दुखण्यात डॉक्टरांचं बोलणं घरी समजावून सांगायचं काम तिच्याकडे आलं होतं.

आक्काचा मिठाचा हात साऱ्या शहापुरात ठाऊक होता. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय या घरात कोणी काही तोंडात घालत नसे, मग स्वयंपाक चाखून बघणं तर दूरच. लग्न होऊन आली तेव्हापासून आक्कानं न चाखता रांधलं होतं, आणि मीठ कधी इकडचं तिकडं झालं नव्हतं. गल्लीत लग्न असलं की आचारी मोठ्या पातेल्यात डाळ शिजवून तिला बोलवायला माणूस पाठवायचा. ती जायची, पदर खोचायची, पातेल्यावरून एकदा नजर फिरवून दोन्ही मुठींनी मीठ सोडायची आणि घरी यायची. “यात काय आहे?” ती म्हणायची. “काल जे खाल्लं ते हाताच्या लक्षात राहतं.”

गेल्या वर्षी तिच्या डाव्या गालाच्या आत एक फोड आला. तिथंच ती मशेरी दाबून ठेवायची, मामानं निपाणीहून धाडलेली. फोड बसला नाही, कडक झाला, पिकला. बेळगावच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं, आप्पांना बाहेर बोलावलं आणि मुंबईला न्या म्हणून सांगितलं. त्या रोगाचं नाव त्या दिवसापासून घरात कोणी घेतलं नाही. सगळे ‘गालाचं’ म्हणायचे.

लढाई नुकतीच संपली होती. गाड्या अजून शिपायांनी भरलेल्या असत. पुण्याला गाडी बदलून कल्याणी आक्काला घेऊन मुंबईला गेली. मामाच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं गिरगावात एक खोली दिली. इस्पितळात आधी आक्काचे त्या बाजूचे सगळे दात काढले. किरण दिल्यावर दात टिकत नाहीत आणि मग काढलेही जात नाहीत, असं तरुण पारशी डॉक्टर म्हणाला. मग तिच्या गालावर नि मानेवर जांभळ्या शाईनं चौकोन काढला आणि तो उपचार संपेपर्यंत पुसू नका म्हणून बजावलं. त्याच रेघांच्या आत रोज किरण पडायचे होते.

“म्हणजे तोंड धुवायचं नाही?” आक्कानं विचारलं.

“तेवढ्या जागेला पाणी नाही. साबण, तेल, हळद, काहीसुद्धा नाही.”

“अंग सोवळं आणि तोंड पारोसं. हे कुठल्या शास्त्रात बसतं, ते विचार तुझ्या डॉक्टरला.”

पहिल्या दिवशी ती यंत्राच्या खोलीतून बाहेर आली ती बावचळलेली. आत तिला एकटीला निजवून जाड दार बंद केलं होतं.

“झालं?” कल्याणीनं विचारलं.

“काय ठाऊक. काही लागलंच नाही. घूंऽ असा आवाज आला, मग थांबला. त्या नर्सबाईला विचार बाई, माझी पाळी खरंच झाली का?”

पहिला आठवडाभर तिला हसू यायचं. एवढ्यासाठी आपण मुंबईला आलो? निजायचं, आवाज ऐकायचा, उठायचं. मग एके दिवशी गाल उन्हातून आल्यासारखा लाल झाला. चार दिवसांनी तो तांब्यासारखा दिसू लागला, मग काळवंडला, आणि रेघांच्या आतली कातडी ओलसर होऊन सोलवटून निघू लागली. भाजल्यावर लोणी लावायचं, कोरफड लावायची, हे आक्काच्या रक्तात होतं. ती तासन् तास उशीवर उजवी कूस करून पडायची, डावा हात उजव्या हातानं धरून. तो आपसूक गालाकडे जायचा. तोंडाच्या आत पांढरे चट्टे आले. पातळ पेजही गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. लाळ आधी खळीसारखी चिकट झाली, मग आटलीच. झोपेत जीभ टाळूला चिकटायची आणि ती दचकून उठायची. कानामागचे केस उशीवर राहायचे.

सगळ्यात कल्याणीला धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. यंत्र थांबलं, शेवटची पाळी झाली, नर्सबाईनं हसून निरोप दिला, आणि भाजणं मात्र चालूच राहिलं. उलट वाढलं. विस्तव विझवल्यावर भांडं आणखी तापत जावं, तसं. अशी आग तिनं कुठं वाचली नव्हती.

चव त्याच्या आधीच गेली होती. एका सकाळी आक्कानं गूळ घातलेल्या पेजेचा चमचा तोंडात धरून ठेवला. “माती आहे ही,” ती म्हणाली. चिडून नाही, नुसती बातमी सांगावी तशी.

कल्याणीनं डॉक्टरला विचारलं. तो इंग्रजीत म्हणाला, बहुतेकांची चव वर्षभरात परत येते. सगळ्यांची येत नाही.

“काय म्हणाला?” आक्कानं विचारलं.

“वर्षभरात येते म्हणाला.”

संक्रांतीच्या सुमारास त्या बेळगावला परतल्या. गाल भरत आला. त्या जागी कातडं चकचकीत, ताणलेलं आणि लाकडासारखं टणक झालं. जबडा पुरता उघडेना. पाण्याचं फुलपात्र आक्काच्या हातात कायमचं आलं. दोन वाक्यं बोलायची, एक घोट घ्यायची. पण गाठ गेली होती. महिन्याभरापूर्वी मुंबईला दाखवून आणलं तेव्हा डॉक्टरनं तोंडात बोट घालून सगळीकडे चाचपलं आणि कल्याणीशी हात मिळवला.

परतल्यानंतर पंधरवड्यातच आक्का चुलीपुढे बसली होती. सुरुवातीच्या दिवसांत आमटी कधी मिठाचा मारा, कधी आळणी. आक्का वाढताना विचारायची. यापूर्वी तिनं कधी विचारलं नव्हतं. “बरोबर आहे का रे?” आणि आप्पा मान वर न करता म्हणायचे, “छान.” पानावर बसून अन्नाला नाव ठेवायचं नाही, ही या घराची रीत होती. आणि जिच्या तोंडाची चूल झाली होती तिच्या आमटीला नाव कोण ठेवणार? आळणी असली तर ताटात वरच्या बाजूला वाढलेलं कुटलेलं मीठ सगळे गुपचूप कालवून घ्यायचे. खारट असली तर भात जास्त घ्यायचे आणि तांब्या संपवायचे. पुढं पुढं मीठ जमू लागलं. उन्हाळ्यापासून तर क्वचितच चुकायचं. घरातल्या सगळ्यांनी त्यावरून एकच अर्थ काढला, आणि आक्कानंही कधी गवतीचहा कळला, कधी लिंबू कळलं म्हणून त्याला दुजोरा दिला.

तर त्या रविवारी पुरुषांची पानं आधी मांडली. पावट्याची उसळ, भात, तुरीची आमटी. मामानं आमटीभाताचा पहिला घास घेतला आणि त्याचा जबडा थांबला. त्यानं आप्पांकडे पाहिलं. आप्पा आपल्या ताटाकडे पाहत होते. केशवचा हात आधीच मिठाकडे गेला होता.

“कशी झालीय?” आक्का पळी घेऊन उभी होती.

“वा!” मामा म्हणाला. “अगदी आईची आठवण झाली.”

“आईला कुठं यायची रे आमटी? तिची आमटी म्हणजे पाण्यात डाळ पोहायला सोडलेली. तूच म्हणायचास.”

“म्हणूनच तर आठवण झाली,” मामा म्हणाला, आणि सगळे हसले. त्या हसण्यात त्याच्या ताटातलं मीठ नाहीसं झालं.

मागून कल्याणी नि आक्का बसल्या. कल्याणीनं घास घेतला. आमटीत मीठ नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच. चिंचेचा आंबटपणा आणि मिरची जिभेवर उघडी पडल्यासारखी लागत होती. तिनं मान वर केली तर आक्का जेवायची थांबून तिच्याकडे बघत होती.

“कशी आहे गं आमटी?”

कल्याणीच्या मनात आलं, आजच सांगावं काय? मामा इतक्या लांबून आलाय, तिचा दिवस बरा चाललाय.

“छान झालीय, आक्का.”

आक्का आणखी एक क्षण पाहत राहिली. मग “बरं,” म्हणाली आणि फुलपात्रातलं पाणी प्यायली.

जेवणं झाल्यावर तिनं ताटं उचलली. हल्ली ती ताटं एकावर एक चळत न रचता एकेक करून उचलायची आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून बघायची. तिची नजर कमी होतेय, चष्म्याला दाखवायला हवं, असं कल्याणीच्या पुन्हा एकदा मनात आलं. दुपारी मामा कोट झटकत मोटारीला गेला. संध्याकाळी आक्का परसदारी पायरीवर शेजारच्या जयाबाईशी बोलत बसली. कल्याणी माजघरात मुलींचे निबंध तपासत होती. असा तो दिवस.

सोमवारी सकाळी कल्याणी शाळेत जायला आरशापुढे वेणी घालत होती. स्वयंपाकघरात आक्का खोकली. खोकला तसा नेहमीचाच. मग पुन्हा, ओला खोकला. कल्याणीनं वळून पाहिलं तर आक्का दारात उभी होती, पदराचा बोळा तोंडावर धरून, आणि पदर लाल होता. तिनं दुसरा हात वर केला. काही नाही, थांब, असा. मग तिथंच दारात बसली. बोळ्यातून रक्त मनगटावर आलं, कोपरापर्यंत आलं, जमिनीवर आलं. त्याला काही हिशेबच नव्हता. केशव अनवाणी डॉक्टरांकडे धावला. आप्पा “अगं, अगं,” म्हणत पाठीमागून तिला धरून बसले. कल्याणीनं दोन्ही हातांनी पदर तिच्या तोंडाशी दाबला. आक्का तिच्याकडे बघत होती. डोळ्यांत भीतीपेक्षा नवल जास्त होतं, मुंबईला पहिल्या दिवशी यंत्राच्या खोलीतून बाहेर येताना होतं तसं. मग ते नवलही राहिलं नाही.

केशव डॉक्टरांना घेऊन आला तेव्हा चुलीवरचं दूध उतू जाऊन करपल्याचा वास घरभर झाला होता. कल्याणीच्या हातात कंगवा होता. तो तिनं कधी उचलला, की खाली ठेवलाच नव्हता, हे तिला सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी हात धुतले, चष्मा पुसला. म्हणाले, “किरण दिलेल्या जागेत मानेची मोठी शीर असते. तिची भिंत कमकुवत होते कधी कधी. फार क्वचित. कुणालाच आधी सांगता येत नाही.”

“म्हणजे गाठ पुन्हा आली होती?” आप्पांनी विचारलं.

“नाही, नाही. गाठ नव्हती. त्या दुखण्यातून त्या बऱ्या झाल्या होत्या.”

बऱ्या झाल्या होत्या. कल्याणीनं ते वाक्य मनात उलटंसुलटं करून पाहिलं. व्याकरणात बरोबर होतं, अर्थही लागत होता, तरी डोक्यात शिरत नव्हतं. पुढचे दिवस तिचं असंच झालं. माणसं येत, रडत, तिला जवळ घेत. ती त्यांना पाट देई, पाणी देई. रडू आलं नाही. रात्री आक्काच्या जागेवर उताणी पडून ती जीभ टाळूला लावून बघे. आरशापुढे जायची तिला धास्ती वाटे. वेणी अर्धीच राहिलीय, एवढंच मनात येई, आणि त्याच्या मागोमाग ते ‘बरं’. आक्का ‘बरं’ असं कधी म्हणत नसे. ती ‘मग झालं तर’ म्हणायची, ‘असू दे’ म्हणायची. ते ‘बरं’ तिला कुठं ठेवावं ते कळत नव्हतं.

जयाबाई सुतकातच एका दुपारी परसात आली. शेजारच्या मागावर तिचा नवरा साड्या विणायचा आणि ती कांड्या भरायची. कल्याणीला तिनं परकरातली असल्यापासून पाहिलेलं. ती पायरीवर आक्काच्या जागेच्या खालच्या बाजूला बसली. मग म्हणाली, “एक इचारू काय गं, कल्याणी? त्या आयतवारी आमटी कशी झालती?”

“छान झाली होती,” कल्याणीच्या तोंडून गेलं.

जयाबाईनं तिच्याकडे बघितलं. “तूबी तसंच म्हणालीस व्हय?”

“म्हणजे?”

“शनवारी सांजच्याला हितंच बसलोतो आमी दोघी. मला म्हणाली, जयाबाई, मला काय बी कळत न्हाय बघ. मीठ न्हाय, गूळ न्हाय, मिरचीची निस्ती आग. वरीस होत आलं, एक दाणा कळला न्हाय.”

“लिंबू कळत होतं तिला,” कल्याणी म्हणाली.

“तुमास्नी बरं वाटावं म्हणून म्हणायची. तुझं त्वांड एवढंसं व्हायचं म्हणं.”

“पण मीठ बरोबर पडायचं. सगळे सांगतील तुला. वैशाखापासून...”

“तेच मी इचारलं की! म्हटलं, आक्का, मग सैपाक झ्याक कसा करतीस? तर हसली. म्हणाली, ताटं सांगत्यात मला. ताटातलं मीठ संपलं असलं की म्हणायचं, आज कमी पडलं, उद्या वाईच वाढवायचं. मीठ तसंच आन् तांब्या मोकळा, तर जास्ती झालं. त्वांडानं कोण बोलत न्हाय, ताटं बोलत्यात.”

खिडकीच्या उजेडात धरलेलं ताट कल्याणीच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं पायरीचा दगड घट्ट धरला.

“मग आयतवारी?”

“मीठच घालत न्हाय म्हणाली. एक चिमूट न्हाय. बघू कोण बोलतंय. मी म्हटलं, उगं कशाला? तुमच्या घरात कोण बोलायचं? वाईट म्हणायला तुमची जीभच रेटत न्हाय. तर म्हणाली, कल्याणी बोलंल. पोरींची चूक दिसली तर ती सोडत न्हाय, मला काय सोडती? एकदा ती त्वांडानं बोलली म्हंजे झालं, मग मी तिला रोज इचारीन, आन् ती मला रोज सांगंल.”

परसातल्या दोरीवर काही नव्हतं. कल्याणी तिथं बघत राहिली.

“मग संध्याकाळी? रविवारी संध्याकाळी काय म्हणाली?”

जयाबाईनं पदरानं नाक पुसलं. “सांगू नये खरं तर. पर तू इचारतीस म्हणून. म्हणाली, न्हाय बोलली. जीव हाय तिचा माझ्यावर, म्हणून न्हाय बोलली. रागबिग न्हवता हं. निस्तं म्हणाली, जयाबाई, आता मला कोण सांगणार?”

जयाबाई गेल्यावर कल्याणी स्वयंपाकघरात गेली. मिठाची बरणी होती तिथंच होती. तिनं झाकण काढलं, बघितलं, परत लावलं. डॉक्टरचं इंग्रजी वाक्य तिला शब्दन् शब्द आठवत होतं. त्याचे दोन भाग होते. एक तिनं आक्काला दिला होता, एक स्वतःजवळ ठेवला होता, आणि वर्षभर आक्का त्याच दुसऱ्या भागात एकटी राहत होती.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण. आक्का गेल्याचं कळून आलेला मामा तेव्हापासून बेळगावातच होता. आचारी बोलवू या, असं तो म्हणाला. कल्याणी म्हणाली, “नको. मी करते.” पहाटे न्हाऊन ती चुलीपुढं बसली. शिरा केला, भात केला. आमटी आक्का करायची तशीच केली. हिंग, मेथीचे चार दाणे, चिंच, गुळाचा खडा. देवाचा नैवेद्य आणि आक्काचं पान वाढायचं होतं, तेव्हा चाखायचा प्रश्नच नव्हता. तिनं मूठ उघडून तळहाताकडे पाहिलं होतं, एवढं तिला नंतर आठवलं.

आक्काचं पान चुलीजवळ वाढून ठेवलं. मग तिघं बसले. मामानं सवयीनं कोट आजही बाहेरच काढून ठेवला होता. मधला पाट रिकामा असल्यासारखे तिघंही अंतर सोडून बसले होते. कल्याणीनं आमटी वाढली आणि पळी हातात घेऊन, जिथं आक्का उभी राहायची तिथं उभी राहिली.

मामानं पहिला घास घेतला. त्याचा जबडा थांबला. त्यानं हळूच आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी डोळे ताटातून वर केले नाहीत, पण त्यांची तर्जनी सरकत सरकत वरच्या कडेला गेली आणि मिठाच्या ढिगाला टेकली. केशवनं आधीच बोटाच्या पेरावर मीठ उचललं होतं. तिघांचे हात किती हळुवार होते! किती वर्षांची सवय असावी तसे. इथून, उभं राहिल्यावर, सगळं दिसत होतं. बसलेल्यांना वाटायचं दिसत नाही.

“छान झालीय हो,” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा होता. “अगदी तिच्यासारखी.”

“अगदी,” मामा म्हणाला.

कल्याणीच्या हातातली पळी पातेल्याच्या कडेवर वाजली. तिनं ती खाली ठेवली.

“नाही, आप्पा,” ती म्हणाली. “मीठ राहिलंय.”

“असू दे, असू दे. एवढं काही...”

“असू दे नको. राहिलंय म्हणा. केशव, तूसुद्धा.”

केशवनं बोट ताटातच ठेवलं आणि बहिणीकडे पाहिलं. शेजारच्या मागाचा खटका दोनदा ऐकू आला. मग आप्पा ताटाकडे बघत, अगदी हळू म्हणाले, “राहिलंय गं. मीठ नाही.”

कल्याणी वळली. चुलीजवळच्या पानापुढं जाऊन ती गुडघ्यांवर बसली. भातावर आमटी पिवळी पसरली होती. वरच्या बाजूचं मीठ पांढरं, जसंच्या तसं, कोणी हात न लावलेलं. तिला वाटलं होतं आवाज निघणार नाही. निघाला, वर्गात मागच्या बाकापर्यंत जाईल एवढा.

“आक्का,” ती म्हणाली, “त्या रविवारी आमटीत मीठ नव्हतं. मुळीच नव्हतं.”